एमडीएस (दंतशास्त्रातली पदव्युत्तर पदवी) झालंय. मुंबईत राहून दंतशास्त्रात पीएचडी करता येईल का?

हो, करता येते. सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आणि महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय, दोन्ही नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. म्हणजे पदवी नाशिकची, काम मुंबईतलं. प्रवेश परीक्षेतून प्रवेश मिळाल्यावर कोर्सवर्क आणि प्रबंध धरून किमान ३ वर्षं लागतात. क्लिनिक सांभाळून करणार असाल तर जास्तच धरा.

माझं कळकळीचं सांगणं एकच: विषयाआधी मार्गदर्शक शोधा. त्यांच्याकडे जागा रिकामी आहे का, आधीचे विद्यार्थी किती वर्षांत सुटले, हे स्पष्ट विचारा. विषय असा घ्या ज्याचे रुग्ण ओपीडीत रोज येतात. गुटखा-सुपारीमुळे तोंड न उघडणारे, म्हणजे सबम्युकस फायब्रोसिसचे रुग्ण इथे दुर्दैवाने भरपूर आहेत आणि त्यांच्यावर अजून खूप काम व्हायला हवं. रुग्णांवरचं संशोधन तपासणाऱ्या नैतिक समितीची मंजुरी हातात येईपर्यंत मात्र एकाही रुग्णाची नोंद अभ्यासात घेऊ नका.