जेसीएल येतं म्हणतोस, पण स्टार्टेड टास्कचं काय?

तुझा प्रश्न वाचला. हिंजवडीत सहा वर्षं मेनफ्रेमवर (बँकांच्या मोठ्या संगणकांवर) बॅच सपोर्टला, म्हणजे आपोआप चालणाऱ्या जॉबच्या देखरेखीला काढलीस, आता फ्रँकफर्टहून सिस्टिम प्रोग्रॅमरची ऑफर आलीये, सप्टेंबरात जॉइनिंग, आणि कामाच्या यादीत 'स्टार्टेड टास्क आणि जेसीएल' लिहिलंय (जेसीएल म्हणजे कुठला प्रोग्रॅम कुठल्या फाइल्स घेऊन चालवायचा हे मशीनला सांगणारी भाषा, स्टार्टेड टास्क म्हणजे कमांडने चालू होऊन मागे चालत राहणारा प्रोग्रॅम), तर जेसीएल रोजचंच आहे मग दादा वेगळी तयारी काय करू. लागते रे तयारी. मी पण हिंजवडीतूनच जर्मनीत आलो, अकरा वर्षं झाली, आणि यायच्या आधी मलाही असंच वाटायचं.

आपल्याकडे सपोर्टला जेसीएल म्हणजे काय, रात्री जॉब पडला, सॉक-सेव्हन (डेटातली चूक) असेल तर डेव्हलपरला उठव, बी-थर्टी-सेव्हन (फाइलची जागा संपली) असेल तर स्पेस वाढव, रिस्टार्ट टाक, सबमिट, मेल, झोप. जॉब कुठल्या क्लासमध्ये, कुणाच्या आयडीने, प्रॉक (साठवून ठेवलेलं तयार जेसीएल) कुठल्या लायब्ररीतून उचलला जातो, हे सगळं कुणीतरी कधीतरी ठरवून ठेवलेलं असतं. इथे टीम छोटी असते, आमच्यात सहा जण आहेत, आणि ते 'कुणीतरी' म्हणजे तूच.

फरक साधा आहे. जॉब सबमिट केला की तो जेस-टूच्या (जॉब सांभाळणाऱ्या भागाच्या) रांगेत बसतो, इनिशिएटर (जॉब चालवणारा) रिकामा झाला की चालतो, आणि ज्याने सबमिट केला त्याच्या आयडीने चालतो. स्टार्टेड टास्कला कन्सोलवरून एस (स्टार्ट) कमांड मारायची, ती प्रॉकलिबमधला (प्रॉकच्या लायब्ररीतला) मेंबर उचलते, इनिशिएटरची वाट न बघता स्वतःची अॅड्रेस स्पेस (वेगळी मेमरी) घेते आणि पुढच्या आयपीएलपर्यंत (सिस्टिम परत चालू करेपर्यंत) पण चालू राहू शकते. पण तिला सबमिट करणारा कुणी नाही ना, मग ती कुणाच्या अधिकाराने चालणार? तिथे रॅकफ, म्हणजे कुणाला कशाचे अधिकार हे बघणारी सुरक्षा यंत्रणा, येतं. स्टार्टेड नावाचा क्लास असतो, त्यात प्रॉकच्या नावाने प्रोफाइल करायचं आणि त्यात युजर आणि ग्रुप द्यायचा. तो युजर प्रोटेक्टेड ठेवायचा, म्हणजे पासवर्डच नाही, कुणी लॉगऑन करू शकत नाही आणि चुकीचे पासवर्ड मारून तो लॉक पण करू शकत नाही.

इथेच मी पहिल्या वर्षी आपटलो. एका मॉनिटरिंग टूलसाठी नवीन प्रॉक टाकला, प्रोफाइल केलं, रविवारी पहाटे चेंज विंडोमध्ये एस मारला, टास्क वर आली, मी खूश. दोन मिनिटांत कन्सोलवर आयसीएच४०८आय या मेसेजची रांग, डेटासेटला (फाइलला) अॅक्सेस नाही. वर स्क्रोल करून बघतो तर आयआरआर८१२आय, म्हणजे माझं प्रोफाइल नाही तर दोन स्टारवालं सगळ्यांसाठीचं प्रोफाइल लागलं होतं, ज्याच्या युजरला मुद्दामच काहीही अधिकार दिलेले नाहीत. का, तर मी क्लास रिफ्रेशच केला नव्हता, म्हणजे नवं प्रोफाइल लागूच झालं नव्हतं. मग रिफ्रेश केला, तरी तेच. अर्धा तास परवानग्या तपासत बसलो, शेवटी सोबतचा जर्मन शांतपणे म्हणाला अरे टास्क थांबवून परत चालू कर, ओळख चालू होताना एकदाच मिळते. तो सोबत होता कारण इथल्या बँकांत 'चार डोळ्यांचा नियम' पाळतात, प्रॉडक्शनवर एकट्याने हात लावायचा नाही. मला आधी तो प्रकार कटकटीचा वाटायचा, त्या दिवसापासून नाही.

प्रॉक लिहिताना जेसीएल तेच असतं, सवयी वेगळ्या. एक्झेकवर (प्रोग्रॅम चालवणाऱ्या ओळीवर) टाइम नोलिमिट दे, नाहीतर नुसती वाट बघत बसलेली टास्क ५२२ने मरते आणि सीपीयू जास्त खाल्ला तर ३२२ने. प्रोग्रॅम कुठल्या लायब्ररीतून घ्यायचा ते सांगायला प्रॉकमध्ये जॉबलिब चालत नाही, स्टेपलिब लाव. डेटासेटच्या नावात सिसनेमचं (सिस्टिमच्या नावाचं) सिम्बॉल वापर म्हणजे एकच प्रॉक सगळ्या एलपारवर (मशीनच्या वेगवेगळ्या भागांवर) चालतो. थांबवायला आधी पी (स्टॉप), प्रोग्रॅम पी ऐकत नसेल तर सी (कॅन्सल), आणि फोर्सपर्यंत गेलास तर आधी सिनियरला फोन कर, खरंच.

कुणाच्या आधी कोण चालू होणार हे पण बघावं लागतं. पार्मलिबमधल्या (सिस्टिमच्या सेटिंगच्या लायब्ररीतल्या) कमांडच्या मेंबरमध्ये ओळीने एस लिहिले म्हणजे ओळीनेच चालतील असं अजिबात नाही, म्हणून अवलंबून असलेल्या टास्क ऑटोमेशनकडे देतात. बंद करताना उलटं, एक जरी टास्क जेसखाली लटकली असेल तर जेस-टू बंदच होत नाही, 'नॉट डॉर्मंट' म्हणत बसतं आणि मग ती एक कोण हे शोधा.

आता जे पुण्यात शिकायला मिळणारच नाही ते सांगतो. आपल्याकडे घड्याळ वर्षभर एकच. इथे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे ३ वाजता घड्याळ परत २ वर येतं, म्हणजे २ ते ३ हा तास दोनदा. मशीनचं आतलं घड्याळ यूटीसीवर असतं त्याला काही फरक पडत नाही, पण जुने कोबॉल प्रोग्रॅम स्थानिक वेळ लिहितात, आणि २:१५ची नोंद आधीच्या २:४०च्या नंतर आली की क्रम बिघडला. म्हणून आमच्याकडे अशा ठरावीक टास्क त्या रात्री पी करून तासभर बंद ठेवतो. एक तास सहा जण कॉफी पीत काळ्या स्क्रीनकडे बघत बसतात, पगारी. मार्चमध्ये तास उडतो, तेव्हा २:३०ला लावलेला जॉब शेड्युलर काय करेल हे आधी बघून ठेवायचं.

सरावासाठी आयबीएम झेड एक्सप्लोर फुकट आहे, खऱ्या झेड-ओएसवर (मेनफ्रेमच्या आजच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर) जेसीएल करता येतं, पण ऑपरेटरचे अधिकार तिथे मिळत नाहीत. त्यासाठी लॅपटॉपवर हर्क्युलिस (मेनफ्रेमची नक्कल करणारा प्रोग्रॅम) टाक आणि त्यावर एमव्हीएस ३.८, म्हणजे त्याच सिस्टिमचं चाळीसेक वर्षांपूर्वीचं रूप. तिथे तूच ऑपरेटर, प्रॉकलिबमध्ये मेंबर टाक, एस, पी, सी सगळं कर, मोडलं तर परत आयपीएल. रॅकफचा स्टार्टेड क्लास मात्र त्यात नाही, तो मॅन्युअलमधूनच वाच.

कागदपत्रांचं थोडक्यात. तुझं विद्यापीठ आणि डिग्री अनाबिनच्या (परदेशी पदव्यांची जर्मन नोंद) यादीत आहे का ते आजच बघ, ब्लू कार्डला (नोकरीवर राहायच्या परवान्याला) लागतं, आणि पगाराची अट दरवर्षी बदलते तेव्हा ऑफरशी ताडून घे. घर मिळालं की दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची. जर्मन भाषेची बी-वन पातळी केलीस तर कायमचा परवाना २७ऐवजी २१ महिन्यांत मिळू शकतो, शिवाय मेसेज इंग्रजीत असले तरी चेंजचं तिकीट आणि भांडण दोन्ही जर्मनमध्येच होतं. ऑनकॉल आहे, पण दोन पाळ्यांमध्ये ११ तासांची विश्रांती कायद्यानेच आहे, रात्री ३ला उठवलं तर सकाळी ९ला ये म्हणून कुणी म्हणत नाही. हे पचायला मला वर्ष लागलं, मी गुपचूप लॉगिन करायचो आणि मॅनेजरच ओरडायचा.

आणि सप्टेंबरात येतोयस म्हणजे ऑक्टोबरचा तो रविवार नव्या माणसाच्या गळ्यात पडणार हे धरूनच चाल, कुठल्या टास्क बंद करायच्या ती यादी पहिल्याच आठवड्यात मागून घे, आणि यादी कधीची आहे ती तारीख बघ.