घर सोडण्याची धास्ती

प्रश्न : मी ६३ वर्षांची, बँकेतून निवृत्त झालेली, लग्न झाल्यापासून सदाशिव पेठेतील एकाच इमारतीत राहणारी स्त्री आहे. यजमान पाच वर्षांपूर्वी गेले. आता सोसायटीची इमारत पुनर्विकासाला जाणार असून नवी उभी राहीपर्यंत निदान तीन वर्षे वारज्याला भाड्याने राहावे लागेल. नवा फ्लॅट मोठा असेल, लिफ्ट असेल, हे पटते. तरीही विषय निघाला की छातीत धडधडते, झोप उडते. सोसायटीच्या सभांना जाणेही मी सोडले आहे. मुलगा म्हणतो, "आई, तू उगाच बाऊ करतेस." तसे असेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आपण बाऊ करत आहात असे मला वाटत नाही. होम्स आणि राही या अमेरिकी संशोधकांनी १९६७ साली आयुष्यातील ४३ घटनांना, त्यांच्याशी जुळवून घेताना पडणाऱ्या ताणानुसार, गुण दिले; त्यांत जोडीदाराच्या मृत्यूला १००, विवाहासारख्या आनंदाच्या घटनेला ५० आणि घर बदलण्याला २० गुण आहेत. म्हणजे चांगल्या बदलाचाही ताण येतोच, आणि आपल्या बाबतीत तो २० चा आकडा मला फार तोकडा वाटतो, कारण यजमानांबरोबर जिथे संसार केला त्या भिंतीच पाडल्या जाणार आहेत. हे दुःख आहे, भीती नव्हे. मुलाशी ते याच शब्दांत बोला, आणि यजमानांच्या वस्तूंची बांधाबांध पॅकर्सवर न सोपवता स्वतः, सवडीने करा.

उरलेल्या धास्तीत बऱ्याच रास्त शंका मिसळलेल्या असाव्यात. दरमहा भाडे किती मिळणार, दरवर्षी ते वाढणार का, बांधकाम रखडले तर बिल्डरची बँक गॅरंटी आहे का, प्रकल्पाची महारेराकडे, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, नोंदणी कधी होणार, हे आपण विचारायलाच हवे. बँकेत नोकरी केलेल्या माणसाला करारनामा वाचायला कोणी शिकवावे लागत नाही. पण याची उत्तरे मिळतात ती नेमकी आपण टाळत असलेल्या सभेत. सभा चुकवली की त्या संध्याकाळपुरते हायसे वाटते आणि त्या हायसे वाटण्यानेच भीतीला खतपाणी मिळते, कारण कल्पनेतले वारजे खऱ्या वारज्याहून भयंकर होत जाते. पुढच्या सभेला प्रश्न कागदावर लिहून न्या आणि उत्तरे इतिवृत्तात नोंदवून घ्या.

वारज्याचे म्हणाल, तर सामान हलवण्याआधीच तिथे जाऊ लागा. प्रथम मुलाबरोबर जा, मग एकट्याने. तिथल्या वाण्याकडून किरकोळ काही घ्या, बसने मंडईत येऊन नेहमीच्या भाजीवालीकडून भाजी घेऊन परत जा आणि वेळ किती लागतो, गुडघे काय म्हणतात ते पाहा. पहिल्या खेपेला धडधडेल. म्हणून अर्ध्या वाटेतून परतू नका, थोडा वेळ तिथेच थांबलात की ती बहुधा आपोआप उतरते. सारसबागेत भेटणाऱ्या मैत्रिणी असतील तर आठवड्यातला एक वार आत्ताच ठरवून टाका, "येत जाईन" एवढ्यावर सोडू नका.

धडधडीचे कारण मनच आहे असे मात्र घरबसल्या ठरवू नये. आधी आपल्या डॉक्टरांकडून रक्तदाब, थायरॉईड आणि हृदय तपासून घ्या. तपासण्या ठीक निघूनही झोप सुधारली नाही, तर समुपदेशकाला भेटा किंवा टेली-मानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो विनामूल्य असून मराठीतून बोलता येते.