बोलू न शकणाऱ्या रुग्णाची ओळख : वाचकांचे प्रश्न, उत्तरे

रुग्णसुरक्षेविषयी आलेल्या पत्रांपैकी ज्यांत रुग्णाला स्वतःविषयी काही सांगता येत नाही, अशी चार पत्रे या वेळी घेतली आहेत.

प्रश्न : पक्षाघातानंतर माझ्या वडिलांची वाचा गेली आहे. वॉर्डात शेजारच्या खाटेवर आमच्याच आडनावाचे गृहस्थ होते. एका रात्री इन्सुलिन घेऊन आलेल्या सिस्टरांनी "कुलकर्णीच ना?" असे विचारले आणि वडिलांनी मान डोलावली. त्यांना मधुमेह नाही. मी जागी होते म्हणून इंजेक्शन टळले. यात चूक कोणती धरायची? (लोकमान्य नगर, इंदूर)

उत्तर : प्रश्न विचारण्याची रीत चुकीची होती. मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली की पुष्कळ रुग्णांचे बोलणेच नव्हे, तर समोरच्याचे बोलणे समजून घेणेही कमी होते आणि असा रुग्ण केवळ आवाजाच्या चढउतारावरून होकार देतो. त्यामुळे "अमुक ना?" या प्रश्नाला मिळालेल्या मानेच्या होकारास ओळख म्हणता येत नाही. बोलू शकणाऱ्या रुग्णाला "आपले पूर्ण नाव सांगा" असे विचारायचे, आणि बोलू न शकणाऱ्याच्या मनगटावरची पट्टी वाचून तिच्यावरील पूर्ण नाव व भरती क्रमांक या दोन्ही गोष्टी औषधाच्या कागदाशी खाटेजवळच ताडून पाहायच्या. आठ दिवस त्याच रुग्णाची सेवा करणाऱ्या सिस्टरांनीही हे दर वेळी करायचे असते. किमान दोन खुणांनी ओळख पटवावी आणि खाट किंवा खोलीचा क्रमांक त्यांत धरू नये, ही जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसृत केलेल्या सूचनांतील मुख्य गोष्ट आहे, कारण खाटा बदलतात आणि सीटी स्कॅनला गेलेला रुग्ण परत दुसऱ्या खाटेवर येऊ शकतो.

आपल्या प्रसंगात धोका दुहेरी होता. मधुमेह नसलेल्या माणसाला इन्सुलिन गेले तर रक्तातील साखर उतरते, घाम फुटतो, हातपाय कापतात. बोलता येणारा रुग्ण निदान कुणाला तरी हाक मारतो, आपल्या वडिलांना ते शक्य नव्हते.

भरतीच्या वेळी पट्टीवरील नाव वडिलांच्या वडिलांच्या नावासह आधार कार्डाशी ताडून पाहा. सलाइनमुळे हात सुजला म्हणून पट्टी कापली, तर ती त्याच वेळी दुसऱ्या हाताला किंवा पायाच्या घोट्याला बांधून घ्या. खाटेच्या दांडीला अडकवलेली पट्टी ही खाटेची ओळख असते, रुग्णाची नव्हे. एकाच आडनावाचे दोन रुग्ण असल्याचे इन्चार्ज सिस्टरांना सांगून दोन्ही फायलींवर ठळक खूण करायला लावा. "आधी पट्टी वाचता का?" असे म्हणण्यात कुणाचा अपमान नाही. घडलेला प्रकार अधीक्षकांना लेखी अवश्य कळवा, मात्र एका सिस्टरांना शिक्षा व्हावी म्हणून नव्हे, तर वॉर्डातील पद्धत बदलावी म्हणून.

प्रश्न : आग्रा-मुंबई रस्त्यावरील अपघातात सापडलेला, बेशुद्ध आणि जवळ कागदपत्र नसलेला माणूस रुग्णालयात आला, तर नाव कळेपर्यंत उपचार थांबतात का? अंगठा घेऊन आधारवरून ओळख लगेच का पटवत नाहीत? (रामबाग, इंदूर)

उत्तर : उपचार थांबवता येत नाहीत. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये स्पष्ट केले की जखमीचा जीव वाचवणे हे डॉक्टरचे पहिले कर्तव्य आहे आणि पोलिसी सोपस्कार त्याच्या आड येऊ शकत नाहीत. आधारची पडताळणी ही दिलेल्या क्रमांकाशी बोटाचा ठसा जुळतो का, एवढेच पाहते; क्रमांकच ठाऊक नसेल तर रुग्णालयातील यंत्रावर अंगठा ठेवून नाव निघत नाही.

अशा रुग्णाला "अज्ञात पुरुष" अशी नोंद आणि स्वतंत्र क्रमांक देतात, पोलिसांना कळवतात, उंची, व्रण, जुन्या शस्त्रक्रियेची खूण, गोंदण यांची नोंद ठेवतात. माळवा-निमाडकडे हातावर नाव गोंदवलेली माणसे पुष्कळ भेटतात, पण ते नाव भावाचे, नवऱ्याचे किंवा देवाचेही असू शकते, म्हणून गोंदण ही शोधासाठी खूण आहे, केस पेपरवर लिहायचे नाव नव्हे. माझे मत ठाम आहे : रुग्ण काही दिवस अनामिक राहिला तरी चालेल, त्याला दुसऱ्याचे नाव चिकटता कामा नये.

नातेवाइकांनी चेहरा ओळखणेही पुरेसे नसते. २००६ मध्ये अमेरिकेतील इंडियाना राज्यात एका विद्यापीठाच्या गाडीला अपघात झाला. वाचलेल्या तरुणीला तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या विद्यार्थिनीचे नाव लागले, त्या दुसरीच्या घरच्यांनी सुमारे पाच आठवडे हिची शुश्रूषा केली, आणि हिच्या आईवडिलांनी भलत्याच मुलीचे दफन केले. सुजलेल्या, पट्ट्यांनी झाकलेल्या चेहऱ्यात घरच्यांना आपलेच माणूस दिसते. त्या आशेला दोष देववत नाही. म्हणून व्रण, दात, जुने एक्स-रे पाहावेत आणि शंका उरली तर डीएनए तपासावा.

खरे नाव कळले की पट्टी, औषधाचे कागद आणि रक्ताचे नमुने हे सारे एकदमच बदलावे लागते. जुन्या क्रमांकावर राखून ठेवलेली रक्ताची पिशवी नव्या नावाच्या रुग्णाला तशीच लावता येत नाही. नमुना पुन्हा घेऊन क्रॉसमॅच करतात, म्हणजे पिशवीतले रक्त रुग्णाच्या रक्ताशी जुळते का ते तपासतात. "आमच्या मुलाचा गट ओ पॉझिटिव्ह आहे" असे घरच्यांनी सांगितले तरी रक्त त्या सांगण्यावरून द्यायचे नसते.

प्रश्न : सासूबाईंना स्मृतिभ्रंश आहे. आधारवर सासरचे नाव आहे, पण हाक मारली तर त्या माहेरच्या नावालाच ओ देतात. काय करावे? (ग्वाल्हेर)

उत्तर : रुग्णालयात नोंद आधारवरील नावाचीच करा, आयुष्मान कार्डावर आणि समग्र आयडीत (मध्य प्रदेश शासनाच्या कुटुंब-नोंदणी क्रमांकात) तेच नाव आहे ना, हे आजच तपासा. हाकेचे नाव फाइलवर वेगळे लिहायला सांगा, म्हणजे सिस्टरांना त्यांच्याशी बोलता येईल, पण ओळख पट्टीवरूनच पटवली जाईल. फाइलवर त्यांचा अलीकडचा फोटो लावून घ्या.

प्रश्न : मुलीला जुळी झाली असून दोन्ही बाळे नवजात अतिदक्षता विभागात आहेत. अदलाबदलीची भीती वाटते. (तिलक नगर, इंदूर)

उत्तर : आपली भीती रास्त आहे, म्हणूनच आई आणि बाळ यांना एकाच क्रमांकाच्या पट्ट्या प्रसूतिगृहातच, एकमेकांपासून दूर नेण्यापूर्वी बांधतात. जुळ्यांच्या पट्टीवर आईचे पूर्ण नाव आणि "पहिले बाळ", "दुसरे बाळ" असे लिहिलेले असावे. नुसते "बेबी ऑफ" आणि आडनाव पुरेसे नाही. कमी दिवसांच्या बाळाचे मनगट बारीक असते आणि पट्टी निसटते, तेव्हा दोन पट्ट्या बांधून घ्या आणि प्रत्येक भेटीत त्या जागेवर आहेत का ते पाहा. घरून काढून आणलेल्या दुधाच्या बाटलीवर आईचे नाव, क्रमांक, बाळ पहिले की दुसरे, तारीख आणि वेळ लिहा. दूध पाजण्यापूर्वी सिस्टरांनी बाटली आणि पट्टी शेजारी धरून वाचावी, असे त्यांना सांगून ठेवा.