आडनाव नंतर, आधी गाव

सुट्टीत भारतात जाऊन वंशावळ शोधायची असेल, तर तिकीट काढण्याआधीच मूळ गावाचं नाव, तालुका आणि जिल्हा पक्का करा. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया इथल्या तीर्थोपाध्यायांकडच्या नामावळ्या, म्हणजे यात्रेला आलेल्या घराण्यांच्या नावांच्या वह्या, सहसा गाव आणि आडनाव यांवरून लावलेल्या असतात. नुसतं 'जोशी' किंवा 'पाटील' सांगितलंत तर कुणालाच काही करता येणार नाही. त्यात आडनावंही बदलतात. गाव सोडलेल्या घराला नव्या जागी जुन्या गावाच्या नावाचं '-कर' लागतं, तर कुणाचं वतनावरून, म्हणजे पिढीजात हुद्द्यावरून, कुलकर्णी किंवा देशमुख होतं.

गाव कळण्यासाठी आजी, आत्या, थोरल्या काकूंना व्हिडिओ कॉल लावा, आणि तो याच महिन्यात लावा. 'जुन्या आठवणी सांगा' म्हटलं की माणूस गप्प होतो. त्यापेक्षा जुना फोटो समोर धरून 'हे उजवीकडचे कोण?' असं विचारा. कुलदैवत कुठलं, जत्रेला कुठे जायचो, हेही विचारा. बायकांची माहेरची नावं आणि माहेरचं गाव आवर्जून लिहून घ्या, कारण कागदोपत्री तीच आधी हरवतात.

मग कागद. आजोबांच्या शाळेतून निर्गम उतारा, म्हणजे शाळेत दाखल झाल्याची आणि सोडल्याची नोंद, मागवा. त्यावर जन्मतारीख 1 जून असेल तर जपून, गुरुजींनी अंदाजाने घातलेली असू शकते. शेतजमीन असेल तर सातबाऱ्यावरचे फेरफार क्रमांक उतरवून घ्या. फेरफार म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद. वारसाच्या फेरफारात मृताची विधवा, मुलं, काही वेळा मुलीही एकाच पानावर सापडतात. 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर बऱ्याच तालुक्यांचे जुने फेरफार स्कॅन केलेले आहेत, ते ऑनलाइन बघता येतात. जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदींसाठी तहसील कार्यालयात कोतवाल बुकाची नक्कल मागायची.

यातलं बरंचसं जुन्या मोडी लिपीत असतं, त्यामुळे मोडी वाचणारा जाणकार आधीच ठरवून ठेवा. 'विष्णू बिन गणेश' म्हणजे गणेशचा मुलगा विष्णू. 'बिन'ला आडनाव समजू नका. शके असेल तर 78 मिळवा, फसली (जुन्या महसुली कागदांवरचं वर्ष) असेल तर 590, म्हणजे इसवी सन येतो. वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत एकाचा फरक पडतो.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो नातवाला आजोबांचं नाव ठेवण्याच्या पद्धतीमुळे. विष्णू बिन गणेश, गणेश बिन विष्णू, पुन्हा विष्णू बिन गणेश. दोन विष्णू एकच समजले तर मधल्या दोन पिढ्या गळतात. म्हणून प्रत्येक नावासमोर बायकोचं नाव आणि साल लिहाच.

उपाध्यायांकडे पान सापडलं, त्यावर पणजोबांची स्वतःच्या हाताची मोडी सही दिसली, तर परवानगी घेऊन फोटो काढा. आणि निघण्याआधी त्याच पानावर परदेशात जन्मलेल्या मुलांची नावं, मुलींसकट, जन्मगावासह लिहवून घ्या.