भूजलाचे आकडे सिनेमाच्या पद्धतीने दाखवता येतात का? दाखवले तर विज्ञान शाबूत राहतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जळगाव जिल्ह्यातल्या यावल-रावेर पट्ट्यातल्या विहिरींच्या पाणीपातळीचे बऱ्याच वर्षांचे आकडे प्रबंधासाठी तुम्ही जमवलेत, गावात आलेख दाखवला की लोक पाच मिनिटांत उठून जातात, मग हेच व्हीएफएक्सच्या, म्हणजे सिनेमात संगणकावर दृश्यं बनवतात त्या पद्धतीने दाखवता येईल का, आणि तसं केल्यावर त्यात विज्ञान उरेल का. मी फैजपूरकडचा. घरी केळी आहे आणि माझं काम व्हीएफएक्समधल्या लायटिंगचं, त्यामुळे या प्रश्नाची दोन्ही टोकं माझ्या ओळखीची आहेत.

दाखवता येतं, नक्की येतं. विज्ञानही शाबूत राहतं, फक्त एक अट कडक पाळायची. कॅमेरा, उजेड आणि एडिटिंग तुमचं; आकार आणि हालचाल आकड्यांची. ज्या गोष्टीची उंची किंवा जागा मोजणीतून आली आहे तिला हाताने की-फ्रेम लावायची नाही, म्हणजे कुठल्या क्षणी ती कुठे असेल हे आपल्या मनाने ठरवायचं नाही, मग शॉट कितीही फिका दिसो.

तुम्ही ‘इंटरस्टेलर’चं उदाहरण दिलंत, तेच घेऊ. २०१४ च्या त्या सिनेमातलं कृष्णविवर डबल निगेटिव्ह या स्टुडिओने भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांच्या समीकरणांवरून रेंडर केलं होतं, म्हणजे संगणकाकडून त्याची चित्रं काढून घेतली होती. खरं तर त्याभोवती फिरणाऱ्या वायूच्या तबकडीची आपल्याकडे येणारी बाजू जास्त तेजस्वी आणि निळसर दिसायला हवी, लांब जाणारी मंद. प्रेक्षक गोंधळतील म्हणून पडद्यावर हा फरक ठेवला नाही. पण २०१५ मध्ये थॉर्न आणि स्टुडिओच्या लोकांनी मिळून शोधनिबंध छापला, त्यात हा फरक धरून काढलेली चित्रंही दिली आणि काय वगळलं, का वगळलं, तेही लिहिलं. तुमच्या पाच मिनिटांच्या फिल्मलाही असा एक जोडकागद हवा. एक पान पुरे, पण तो हवाच.

साधनांची अडचण आता फारशी राहिलेली नाही. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या सुपरकॉम्प्युटिंग केंद्रात डॉना कॉक्स यांच्या गटाने अनेक वर्षं हेच काम केलं, खगोलाचे आणि वादळांचे आकडे हूडिनीसारख्या सिनेमाच्या सॉफ्टवेअरमध्ये आणून. तुम्हाला ब्लेंडर हे थ्रीडी अॅनिमेशनचं सॉफ्टवेअर पुरेल, ते फुकट आहे. ढग-धूर साठवायला ड्रीमवर्क्सने बनवलेला ओपनव्हीडीबी हा फाइलचा प्रकार २०१२ मध्ये सगळ्यांसाठी खुला झाला आणि २०२० पासून ब्लेंडर त्या फाइली थेट उघडतो. जमिनीचा उंचसखलपणा इस्रोच्या भुवन पोर्टलवरून कार्टोसॅट उपग्रहाचा घ्या किंवा फेब्रुवारी २००० मधल्या स्पेस शटलच्या रडार मोजणीचा. दोन्ही साधारण ३० मीटरच्या चौकटीत मिळतात. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये हव्या त्या भागाची कापाकापी, पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेने आकडे ब्लेंडरमध्ये, एवढंच.

खरी अडचण पुढे आहे, आणि ती वेळेची आहे.

केंद्रीय भूजल मंडळ निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजतं: जानेवारी, पावसाळ्याआधी, ऑगस्ट आणि नोव्हेंबर. तुमचे आकडे याच धर्तीचे असतील असं धरतो. समजा फिल्ममध्ये एक वर्ष १२ सेकंदांत दाखवायचं ठरलं. सेकंदाला २४ फ्रेम म्हणजे २८८ फ्रेम. त्यातल्या मोजलेल्या फक्त ४. उरलेल्या २८४ फ्रेममध्ये पाणी काय करतंय, हे तुम्ही ठरवणार! सॉफ्टवेअरला विचारलं तर ते मे आणि ऑगस्टच्या नोंदींमध्ये सरळ रेघ ओढेल. मग पडद्यावर काय दिसेल? मे महिन्याच्या ऐन उन्हात, पावसाचा थेंब नसताना, विहिरीचं पाणी हळूहळू वर चढतंय. आपल्याकडचा कुठलाही शेतकरी ते बघून म्हणेल की हे खोटं आहे, आणि त्याचं बरोबर असेल. त्यानंतर तुमच्या बाकीच्या खऱ्या आकड्यांवरही तो विश्वास ठेवणार नाही.

म्हणून दोनच मार्ग मी सुचवेन. पहिला, पाणी नोंदीच्या दिवशीच हलवा, मधल्या काळात स्थिर ठेवा. हालचाल तुटक होते, पण खरी राहते, आणि एडिटिंगमध्ये नेमक्या त्या क्षणी कट दिला तर हा तुटकपणा खटकत नाही. दुसरा, रोजच्या पावसावरून पातळीचा हिशेब करणारं एखादं गणिती मॉडेल लावा आणि मॉडेलची पातळी मोजलेल्या पातळीपेक्षा वेगळी दिसू द्या, अर्धपारदर्शक किंवा तुटक रेघेची. पहिल्या फिल्मला पहिलाच मार्ग घ्या.

जागेचंही तसंच आहे. दोन विहिरींमधली पातळी अंदाजाने भरताना तापी ओलांडू नका. उत्तरेला, यावल-रावेरकडे, नदीने आणि सातपुड्यातून उतरणाऱ्या नाल्यांनी आणलेला खोल गाळ आहे. दक्षिणेला जामनेर-पाचोऱ्याकडे काळा बेसाल्ट. दोन्हीकडे पाणी साठण्याची रीतच निराळी. त्यांच्यावरून एकच गुळगुळीत पृष्ठभाग पसरवला तर चित्र सुंदर येईल आणि चुकीचं असेल. पावसाचं बघा: हवामान खात्याची जाळीबद्ध आकडेवारी पाव अंशाची आहे, म्हणजे एक चौकट साधारण २७ किलोमीटरची. एका तालुक्यावर अशा मोजक्याच चौकटी पडतात. त्यातून गावागावावर फिरणारे वेगळे ढग काढणं म्हणजे नसलेली माहिती रंगवणं आहे. पूर्ण चौकटीवर एकसारखा पाऊस पाडा.

आणि कृपा करून भूजल निळ्या तळ्यासारखं काढू नका. व्हीएफएक्सवाल्याला पाणी म्हटलं की चमक आणि लाटा सुचतात, मलाही सुचतात. जमिनीखाली तसं काही नाही. गाळाच्या कणांमधली आणि खडकाच्या भेगांमधली ती ओल आहे. निळं तळं पाहिलं की माणसाला वाटतं, अजून खोल बोअर मारलं की पोहोचलोच. ओली माती कोरड्या मातीपेक्षा गडद दिसते, तेवढाच फरक मटेरियलमध्ये, म्हणजे मातीच्या रंग-पोतात दाखवा. आकडे रंगांतच दाखवायचे असतील तर इंद्रधनुषी पट्टा टाळा. त्यात पिवळ्या-हिरव्यापाशी नसलेल्या सीमा दिसतात. एकाच रंगाची फिकी ते गडद छटा चांगली.

आता सिनेमाकडून जे खरंच घ्यायचं ते. ३० किलोमीटरचा पट्टा १९२० पिक्सेलच्या रुंदीत बसवला तर ५० मीटर खोली जेमतेम ३ पिक्सेल होते. सगळे यावर उपाय म्हणून खोली वीस-तीस पट ताणतात. मग सातपुडा हिमालयासारखा उभा राहतो आणि गावातल्या माणसाला आपलं गावच ओळखू येत नाही. सिनेमात यावर जुनं उत्तर आहे: क्लोज-अप. कॅमेरा एका विहिरीत उतरवा, खऱ्या मापात. भिंतीवर फुटांच्या खुणा, कारण बोअर आणि विहीर आपल्याकडे फुटांतच बोलली जाते. वर्ष बदलेल तशी पातळी बदलू द्या, जिथे पाणी वर येतं ती वर्षंही ठेवा, गाळू नका. ही एक विहीर समजली की मग कॅमेरा मागे घ्या, वर या, आणि बाकीच्या विहिरी साध्या उभ्या रेघांनी दाखवा. बघणारा तोपर्यंत प्रत्येक रेघेत विहीर वाचायला लागलेला असतो. विहीर मात्र सर्वांत वाईट आकड्यांची निवडू नका. मधली निवडा, आणि का निवडली ते जोडकागदात लिहा.

यातलं काहीही रेंडर करण्याआधी कागदावर शॉट काढा, मग उजेड-पोत काहीच न लावता करड्या ठोकळ्यांचं कच्चं अॅनिमेशन बनवा आणि ते चार शेतकऱ्यांना दाखवा. कुठे समजत नाही ते तिथेच कळतं, आणि बदल करायला एक संध्याकाळ लागते. निवेदन यावल-रावेरकडच्या लेवा गणबोलीत करता आलं तर करा, धुळ्याकडे दाखवायचं असेल तर अहिराणीत. पुस्तकी मराठीत बोअरचं दुःख लांबचं वाटतं.

शेवटचं काम संगणकाचं. एका मिनिटाच्या १४४० फ्रेम होतात. एका फ्रेमला ३ मिनिटं धरली तर ७२ तास मशीन चालू. आपल्याकडे इतका वेळ सलग वीज राहीलच असं नाही. म्हणून थेट व्हिडिओ रेंडर करू नका, प्रत्येक फ्रेम वेगळं चित्र म्हणून साठवा. वीज गेली तर जिथे थांबलं तिथून पुढे चालू करता येतं. आणि त्या चित्रांच्या फोल्डरमध्येच मूळ आकड्यांची फाइल व पायथनची स्क्रिप्ट ठेवा, म्हणजे एखाद्या फ्रेमवर कुणी बोट ठेवलं तर त्यामागची नोंद लगेच काढून दाखवता येईल.