सीटमागची जागा आणि पोर्टेड पेटी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

पिकअप आणि इतर लहान मालवाहू गाड्यांच्या केबिनमध्ये पोर्टेड सबवूफर (नळी बसवलेल्या पेटीतला, खालचे सूर वाजवणारा स्पीकर) बसवण्याविषयीची पत्रे अलीकडे इतकी आली आहेत की ती एकत्र घेणे भाग पडले. तपशील निरनिराळे असले तरी गोंधळ एकच आहे. स्पीकर आधी विकत घेतला जातो, पेटी नंतर सुताराकडून करून घेतली जाते आणि आकडेमोड, झालीच तर, आवाज बिघडल्यावर केली जाते. हा क्रम उलटा आहे, एवढेच सुरुवातीला सांगून प्रश्नांकडे वळतो.

प्रश्न : दुकानदार पोर्टेड पेटीसाठी जादा पैसे मागतो, कारण हे ‘नवीन परदेशी तंत्र’ आहे म्हणे. पोर्ट नेमके काय करतो?

उत्तर : नवीन मुळीच नाही. अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजच्या ॲल्बर्ट थुरास यांना या रचनेचे पेटंट १९३२ साली मिळाले. पुढे १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थील यांनी आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला रिचर्ड स्मॉल यांनी तिचे गणित पक्के केले. स्पीकरसोबतच्या कागदावर जे आकडे असतात, ते याच दोघांच्या नावाने ओळखले जातात. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की एक ठरावीक सूर निघतो. पेटीतली हवा आणि पोर्टमधली, म्हणजे पेटीला बसवलेल्या नळीतली, हवा मिळून तसाच एक सूर ठरवतात आणि त्या सुराच्या आसपास आवाजाचे काम स्पीकरच्या पडद्याऐवजी नळी करू लागते. त्या कंपनसंख्येला पेटीचे ट्यूनिंग म्हणतात. जादा पैसे लाकडाचे आणि मजुरीचे असतील तर द्या, तंत्राचे म्हणून देऊ नका.

प्रश्न : पोर्टचे भोक मोठे केले की बेस वाढतो का?

उत्तर : नाही. नळीची लांबी तीच ठेवून भोक मोठे केले तर ट्यूनिंग वर सरकते आणि खालचा बेस उलट कमी होतो.

प्रश्न : माझ्या पिकअपच्या सीटमागे ९० सेंमी रुंद, ३८ सेंमी उंच आणि वर ९ व खाली १९ सेंमी खोल एवढी जागा आहे. हिशेबाने ४८ लिटर होतात. मी १० इंची सबवूफर घेतला आहे आणि कंपनीने पोर्टेड पेटीसाठी २८ लिटर सांगितले आहेत, म्हणजे जागा भरपूर आहे. सुतार उद्या येणार आहे. आणखी काही लक्षात ठेवायचे का? (कराड)

उत्तर : सुताराला आठवडाभर थांबवा. तुमच्यासारखी पत्रे सर्वांत जास्त येतात आणि त्यांतली निम्मीअधिक लाकूड कापून झाल्यावर येतात, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

तुमचे ४८ लिटर हे पेटीचे बाहेरचे माप आहे. १८ मिमी जाडीचे प्लायवूड प्रत्येक दिशेला दोनदा वजा करा. रुंदी ८६.४ सेंमी, उंची ३४.४ सेंमी आणि सरासरी खोली १४ वरून १०.४ सेंमी उरते. गुणाकार जेमतेम ३१ लिटर येतो. १७ लिटर नुसत्या लाकडात गेले. जागा उथळ असली की लाकूड तिचा फार मोठा वाटा खाते आणि सीटमागची जागा उथळच असते. त्या ३१ लिटरमधून स्पीकरचा सांगाडा आणि आतल्या आधारपट्ट्या यांचे सुमारे अडीच लिटर काढा. उरले साडेअठ्ठावीस. इथे पोहोचल्यावर तुम्ही म्हणाल की कंपनीने २८ सांगितले, म्हणजे जमले. जमले नाही, कारण नळी अजून पेटीत गेलेलीच नाही.

नळीच्या लांबीचे सूत्र साधे आहे. नळीच्या आतल्या व्यासाचा सेंटिमीटरमध्ये वर्ग करून त्याला २३,५६२ ने गुणावे. त्याला ट्यूनिंगच्या हर्ट्झचा वर्ग आणि पेटीचे निव्वळ लिटर यांच्या गुणाकाराने भागावे. आलेल्या उत्तरातून व्यासाच्या ०.७३ पट वजा करावे, म्हणजे लांबी सेंटिमीटरमध्ये मिळते. १० इंची पडदा बरीच हवा ढकलतो, त्यामुळे त्याला १० सेंमी आतल्या व्यासाची नळी धरू. नळी बारीक घेतली तर तिच्यातली हवा फार वेगाने धावते आणि बेसच्या जागी फसफस ऐकू येते. हा वेग सेकंदाला १७ मीटरच्या आत ठेवावा असा सर्वसाधारण संकेत आहे. ट्यूनिंग ३६ हर्ट्झ धरले तर २८.५ लिटरच्या पेटीला सुमारे ५६ सेंमी लांबीची नळी लागते. ११ सेंमी बाहेरच्या व्यासाची ही नळी स्वतः पाच लिटरहून अधिक जागा अडवते. म्हणजे पेटी २३ लिटरची झाली. पेटी लहान झाली की त्याच ट्यूनिंगला नळी आणखी लांब लागते आणि नळी लांबली की पेटी आणखी लहान होते. हे चक्र ज्या जागी थांबते, तिथे पेटी सुमारे २१ लिटर आणि नळी सुमारे ७९ सेंमी असते. तुमची आतली रुंदी ८६ सेंमी आहे. नळीच्या आतल्या टोकापुढे निदान तिच्या व्यासाइतकी मोकळी जागा हवी, म्हणजे १० सेंमी. तुमच्याकडे ७ उरतात. शिवाय एवढी जाड नळी फक्त तळाशी मावते आणि नेमका तिथेच स्पीकरचा मागचा भागही येतो. थोडक्यात, कागदावर ‘भरपूर’ असलेल्या जागेत तुमची पेटी बसत नाही.

खोलीचा प्रश्न वेगळाच आहे. स्पीकरचा मध्य तळापासून १४ सेंमीवर आला, तर तिथे आत जेमतेम ११ सेंमी खोली मिळते. साध्या १० इंची सबवूफरला बहुधा १३ ते १५ सेंमी लागते आणि मॅग्नेटच्या मागे हवेसाठी दोन-तीन सेंमी मोकळे सोडावे लागतात ते निराळेच. तुमचा स्पीकर उथळ बांधणीचा आहे का, हे आधी मोजा.

बाजारातल्या पीव्हीसी पाइपबद्दलही सांगायला हवे. ‘७५ मिमी’ हे त्याचे बाहेरचे माप असते. आतला व्यास भिंतीच्या जाडीनुसार ७ सेंमीच्या आसपास भरतो. २० लिटरच्या पेटीला ३८ हर्ट्झसाठी साडेसात सेंमी व्यासाने ४० सेंमी लांबी येते आणि सात सेंमी व्यासाने ३५. अर्धा सेंमी चुकला की लांबी पाच सेंमीने चुकते आणि ३८ ऐवजी पेटी साडेपस्तीसवर ट्यून होते. पाइप दुकानातच पट्टी लावून मोजा, विक्रेत्याच्या सांगण्यावर जाऊ नका.

माझ्या मते तुमच्यापुढे दोनच वाटा आहेत. एक म्हणजे हाच स्पीकर, खोलीत बसत असेल तर, बंद (पोर्ट नसलेल्या) पेटीत लावणे. दुसरी म्हणजे ८ इंची स्पीकर घेऊन जागेचा एक भाग लाकडी फळीने वेगळा करणे आणि २० लिटरला सात सेंमीची ३५ सेंमी नळी देणे. कोणती वाट घ्यायची हे स्पीकरच्या कागदावरून ठरेल. त्यावरील एफएस (Fs, स्पीकरची स्वतःची कंपनसंख्या) या आकड्याला क्यूईएस (Qes) या आकड्याने भागा. उत्तर ५० च्या आसपास किंवा त्याखाली आले तर तो स्पीकर बंद पेटीचा समजा आणि १०० च्या आसपास किंवा वर आले तर पोर्टेडचा. मधले उत्तर आले तर तो कागद आणि जागेची मापे घेऊन जाणत्या इन्स्टॉलरला दाखवा, आणि हे सर्व प्लायवूड कापण्याआधी.

प्रश्न : मित्र म्हणतात की बंद पेटीत बेस नसतो. ढोलकी आणि संबळ नीट ऐकायचे तर पोर्टेडच हवी. खरे का? (नगर)

उत्तर : मोठ्या सभागृहात तुमच्या मित्रांचे म्हणणे काही अंशी चालले असते, पिकअपच्या केबिनमध्ये चालत नाही. दीड मीटर लांबीच्या बंद केबिनमध्ये साधारण ११५ हर्ट्झच्या खाली हवेचा दाब केबिनच स्वतः वाढवू लागते आणि सूर जितका खालचा, तितकी ही वाढ जास्त. बंद पेटीचा आवाज खाली उतरताना सप्तकाला १२ डेसिबलने घसरतो आणि केबिनची वाढ सैद्धांतिकदृष्ट्या तेवढीच असते, त्यामुळे दोन्ही एकमेकांना बरेचसे भरून काढतात. दारांच्या फटी आणि पातळ पत्रा यांमुळे प्रत्यक्षात वाढ कमी मिळते, पण मिळते. पोर्टेड पेटीचा आवाज ट्यूनिंगच्या खाली सप्तकाला २४ डेसिबलने घसरतो. जागा नाही म्हणून ती ५० हर्ट्झवर ट्यून केली, तर प्रत्येक थाप त्याच एका सुरात घुमते. ढोलकीची धुम आणि संबळाचा घुमारा वेगवेगळे ऐकायचे असतील तर लहान केबिनमध्ये मी बंद पेटीच सुचवीन. निर्णयापूर्वी दोन्ही प्रकार बसवलेल्या गाड्या स्वतः ऐका, आणि तुमच्या ओळखीची गाणी लावून ऐका.

प्रश्न : ‘१० इंची पोर्टेड’ अशी तयार पेटी आणि ३००० वॉटचा ॲम्प्लिफायर स्वस्तात मिळतो आहे. घ्यावा का?

उत्तर : त्या पेटीचे निव्वळ लिटर किती आणि ट्यूनिंग किती, हे विक्रेत्याला विचारा. उत्तर ‘सगळ्या स्पीकरना चालते’ असे आले तर दुकानातून बाहेर पडा. सगळ्यांना चालणारी पोर्टेड पेटी अस्तित्वात नाही. अशा अनेक तयार पेट्यांत दहा-बारा सेंमीची प्लास्टिकची नळी केवळ दिसण्यापुरती असते.

ॲम्प्लिफायरच्या वॉटचे खोटे पकडण्यासाठी त्याच्या मागचा फ्यूज पाहा. २५ अँपिअरचा एकच फ्यूज असेल, तर १३.८ व्होल्टला आत शिरणारी वीजच सुमारे ३४५ वॉट आहे. बाहेर सतत ३००० वॉट कोठून येणार? आरएमएस, म्हणजे सतत देता येणाऱ्या वॉटचा, आकडाच विचारायचा, खोक्यावरचा मोठा आकडा नव्हे. बॅटरीपासून वायर घेताना पहिला फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंमीच्या आत हवा. तो ॲम्प्लिफायरसाठी नसून वायर पेटू नये म्हणून असतो, हे अनेक वायरमनही विसरतात. वायर शुद्ध तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर स्वस्त असते आणि तितक्याच जाडीत कमी प्रवाह वाहते. गाडी वॉरंटीत असेल तर बॅटरीला हात लावण्याआधी अधिकृत सेवा केंद्राला विचारा.

प्रश्न : आमचा ट्रक २४ व्होल्टचा आहे. दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट घेतले तर?

उत्तर : घेऊ नका. एक बॅटरी उपाशी राहते, दुसरी जास्त चार्ज होते आणि दोन्ही लवकर मरतात. २४ वरून १२ व्होल्ट करणारा पुरेशा क्षमतेचा कन्व्हर्टर ऑटो इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या.

प्रश्न : पेटी एमडीएफची करावी की प्लायवूडची? (रत्नागिरी)

उत्तर : कोकणात प्लायवूड, आयएस ७१० (पाण्याला टिकणाऱ्या ‘मरीन’ प्लायवूडचे भारतीय मानक) शिक्क्याचे. एमडीएफला पावसाळ्याची ओल लागली की कडा फुगतात, सांधे उघडतात आणि हवा गळू लागते. सांधे गोंद आणि स्क्रूने घट्ट करा. आतून सिलिकॉन लावणार असाल तर ते पूर्ण सुकून त्याचा आंबट वास जाईपर्यंत स्पीकर बसवू नका.

प्रश्न : पेटीत कापूस भरावा का?

उत्तर : बंद पेटीत भरा, पोर्टेडमध्ये फक्त भिंतींना पातळ थर लावा आणि नळीचे तोंड मोकळे ठेवा.

प्रश्न : पेटी तयार झाली आहे. ट्यूनिंग ठरवलेल्या जागी आले की नाही, हे घरी कसे कळेल?

उत्तर : नळी कायमची चिकटवण्याआधी विचारलेत, हे बरे केलेत. मोबाइलवर एकेका कंपनसंख्येचा शुद्ध सूर देणारे ॲप घ्या, आवाज अगदी कमी ठेवा आणि ६० हर्ट्झपासून एकेक हर्ट्झने खाली या. एका ठिकाणी पडदा जवळजवळ स्थिर होईल आणि नळीतून हवा जोरात येईल. तेच तुमचे ट्यूनिंग. ते ठरवल्यापेक्षा खाली आले असेल तर नळी अर्धा-अर्धा सेंमी कापत जा. म्हणूनच नळी सुरुवातीला थोडी लांबच ठेवायची असते.

त्या जागेच्या खाली मात्र जाऊ नका. ट्यूनिंगच्या खाली पेटीतली हवा पडद्याला रोखत नाही आणि तो मोकाट हलू लागतो. स्पीकर जळण्यापेक्षा असे फाटण्याच्या तक्रारी माझ्याकडे जास्त येतात आणि प्रत्येक वेळी दोष स्पीकरला दिला जातो. ठरवलेल्या कंपनसंख्येखालचे सूर अडवणारा ॲम्प्लिफायरमधला सबसॉनिक फिल्टर यासाठीच असतो. ३८ हर्ट्झच्या पेटीला तो ३० ते ३२ वर लावावा. तुमच्या ॲम्प्लिफायरला हा फिल्टर नसेल तर तो पोर्टेड पेटीला जोडू नका, वेगळा फिल्टर मिळतो का ते इन्स्टॉलरला विचारा.

प्रश्न : सीटमागे पेटी घट्ट बसते, मग ती बोल्टने आवळण्याची गरज आहे का?

उत्तर : आहे. सीटमागच्या अशा पेटीचे वजन स्पीकरसह १५ ते १८ किलो भरते आणि जोराचा ब्रेक लागला की ते तुमच्या पाठीवर आणि मानेवर येते. लोखंडी अँगल लावून ती केबिनच्या पत्र्याला किंवा फ्लोअरला बोल्टने आवळा. छिद्र पाडण्याआधी पत्र्यामागून वायरिंग किंवा डिझेलची नळी जात नाही ना, हे ती गाडी ओळखणाऱ्या मेकॅनिककडून पाहून घ्या. जॅक आणि पाने सीटमागे असतील तर पेटी न काढता ते हाताला लागले पाहिजेत. नळीचे तोंड सीटच्या पाठीला टेकत असेल तर आजवरची सगळी आकडेमोड वाया जाते, म्हणून सीट पूर्ण मागे सरकवून तिथे निदान नळीच्या व्यासाइतके अंतर राहते का ते पाहा आणि मगच बोल्टच्या खुणा करा.