सायकलचा दवाखाना: सराटे, किंचाळणारे ब्रेक आणि दोन साइझ मोठी सायकल

प्रश्न: पुण्यात राहतो, वजन 72 किलो. दोन महिन्यांपूर्वी 29 इंची एमटीबी (डोंगरात चालवायची सायकल) घेतली, पुढे सस्पेन्शन आहे. रविवारी वेताळ टेकडीवर जातो. मुरमाच्या उतारावर पुढचं चाक सटकतं आणि घरी येईपर्यंत मनगटं भरून येतात. टायरवर 65 लिहिलंय म्हणून दुकानदाराने 65 भरून दिली. पाऊस संपल्यापासून पंक्चरही फार होतायत. भारीतले टायर टाकू का?

खिशात हात घालू नका अजून. टायरच्या बाजूला जो आकडा असतो ना, तो बहुतेक वेळा 'याच्यावर जाऊ नका' असा असतो, 'एवढी भरा' असा नसतो. 65 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरलेला टायर मुरमावर म्हणजे गोट्यांवर ठेवलेला दगड, तो दबतच नाही, मग जमिनीला धरणार कशाने आणि प्रत्येक खडा थेट तुमच्या मनगटात जाणार, त्यात सस्पेन्शन बिचारं काय करणार. तुमच्या वजनाला, 2.2 इंच रुंदीच्या आसपासचा टायर आणि आत ट्यूब असेल तर मागे 32 आणि पुढे 28-29 वर सुरू करा. पुढे थोडी कमीच, कारण वजन मागे जास्त असतं आणि वळायचं काम पुढच्याला असतं. मग दर रविवारी एक-दोन पीएसआय कमी करत जा. रिम दगडाला 'टक्' करून लागली की समजा फार खाली गेलात, परत दोन वाढवा. सिंहगड रोडने नुसतं डांबरावर जायचं असेल त्या दिवशी 40-45 भरा, कोणी रागावणार नाही.

अंगठ्याने दाबून अंदाज घेऊ नका, 30 आणि 40 मधला फरक अंगठ्याला कळत नाही (मला पंधरा वर्षांत कळलेला नाही). गेजवाला उभा पंप घ्या, नव्या टायरआधी तो. पेट्रोल पंपावरची हवा एका झटक्यात भस्सकन जाते, ती टाळलेलीच बरी, आणि बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर तिथलं नोझल तसंही बसत नाही.

आता पंक्चर. ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं दिसली तर ट्यूब रिम आणि दगडामध्ये चिमटली, म्हणजे हवा कमी होती. एकच बारीक भोक असेल तर काटा, आणि 65 भरून फिरताय म्हणजे तुमचं हेच असणार. दिवाळीच्या आसपास सराटे वाळतात, बाभळीचे काटे तर बारा महिने आहेतच. लोक काय करतात, ट्यूब बदलतात आणि टायरमध्ये रुतलेला सराटा तसाच ठेवतात, मग दोन किलोमीटरवर परत फुस्स, आणि शिव्या ट्यूबच्या कंपनीला. टायरच्या आतून जुना सुती कपडा फिरवा, जिथे अडकेल तिथे काटा. बोट फिरवू नका, मी फिरवलेलं आहे.

एवढं करूनही दर आठवड्याला पंक्चर असेल तर मात्र खर्च करा, पण टायरवर नाही, ट्यूबलेसवर. रिम आणि टायर दोन्ही ट्यूबलेसला चालणारे आहेत का ते आधी बघा. ट्यूबलेसमध्ये भोक आतून बुजवणारं सीलंट घालतात, ते आपल्या उन्हाळ्यात लवकर सुकतं, त्यामुळे दोन-तीन महिन्यांनी उघडून बघावं लागतं. ट्यूबच नसल्यामुळे चिमटा बसत नाही, म्हणून हवा अजून चार-पाच पीएसआय उतरवता येते. टेकडीवर हा खरा फायदा.

प्रश्न: सिंहगडचा घाट उतरलो की डिस्क ब्रेक जळका वास मारतात. मागच्या आठवड्यात फार किंचाळायला लागले म्हणून भावाने गंज काढायचा स्प्रे मारला. आता आवाज गेला पण ब्रेकही लागत नाहीत!

भावाला सांगा, ब्रेकला तेल पाजलंस. डिस्कला चिमटीत धरणारे ब्रेकचे पॅड स्पंजसारखे असतात, तेल पिऊन बसतात. पॅड बदलेपर्यंत ही सायकल घाटात न्यायची नाही, गल्लीतही जपून. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ कपड्यावर पुसा, पॅड नवीनच टाका. घासून, भाजून जुने वाचवायचे प्रयोग लोक करतात, पण घाट उतरणाऱ्या माणसाने पॅडवर कंजुषी करू नये. नवे पॅड बसवल्यावर सपाट रस्त्यावर थोडा वेग घ्या आणि जवळजवळ थांबेपर्यंत ब्रेक दाबा, पूर्ण थांबायचं नाही, असं वीसेक वेळा. त्याशिवाय ते नीट पकडत नाहीत. आणि ब्रेक हायड्रॉलिक (वायरऐवजी नळीतल्या द्रवावर चालणारे) असतील तर चाक काढलेलं असताना लिव्हर दाबू नका, पॅड आत चिकटून बसतात.

जळका वास येतो तो उतरण्याच्या पद्धतीमुळे. तुम्ही वरपासून खालपर्यंत ब्रेक हलका धरून ठेवत असणार, नवीन माणूस भीतीने तेच करतो, आणि डिस्कला थंड व्हायला उसंतच मिळत नाही. वळणाच्या आधी, सायकल सरळ असतानाच दोन्ही ब्रेक जोरात लावा, मग सोडा, वळा. मुरूम आला की पुढचा जपून, पण पुढचा ब्रेक अजिबात न वापरणं हाही वेडेपणाच, निम्म्याहून जास्त थांबवण्याची ताकद त्याच्यातच असते. वासाचं वाईट वाटून घेऊ नका. 1976 साली कॅलिफोर्नियात मरीन काउंटीच्या डोंगरावर जुन्या सायकली घेऊन पोरं शर्यती लावायची, मागच्या चाकाच्या हबमधल्या (मधल्या तुंब्यातल्या) ब्रेकचं ग्रीस एका उतारात जळून धूर व्हायचा आणि ते परत भरावं लागायचं, म्हणून त्या रस्त्याचं नावच 'रिपॅक' पडलं. आपल्या एमटीबीचं खानदान तिथलंच.

प्रश्न: नाशिकहून लिहितेय. मुलगा 13 वर्षांचा. 'वाढतं वय आहे' म्हणून दोन साइझ मोठी सायकल घेतली. आता गुडघा पुढून दुखतो म्हणतो.

ताई, शाळेचा गणवेश मोठा घेतलेला चालतो, सायकल नाही. आधी एक बघा, मधला दांडा दोन्ही पायांमध्ये घेऊन, पाय जमिनीला टेकवून तो उभा राहिला तर दांड्याच्या वर दोन इंच तरी मोकळी जागा राहते का? राहत नसेल तर ती सायकल डोंगरावर नकोच, मोठ्या भावंडाला द्या किंवा विका. राहत असेल तर सीट बघा. मोठी सायकल म्हणून पाय पोचावेत यासाठी सीट पार खाली दाबली असणार, आणि पुढून दुखणाऱ्या गुडघ्याचं नेहमीचं कारण तेच. त्याला भिंतीला धरून बसवा, टाच पेडलवर, पेडल सगळ्यात खाली, पाय सरळ व्हायला हवा. मग पंजा ठेवला की गुडघ्यात जरासा बाक उरतो, तेवढाच हवा. सीटपोस्टवर (सीटखालच्या दांड्यावर) एक खूण असते, ती बाहेर दिसेपर्यंत वर काढायची नाही. चढाला जड गिअर रेटायची सवय असेल तर तीही सोडायला लावा. आणि दोन आठवड्यांत दुखणं गेलं नाही तर डॉक्टरांना दाखवा, तिथे माझा पाना चालत नाही.

उतारावर मात्र सीट चार बोटं खाली. बटणाने खालीवर होणारा ड्रॉपर पोस्ट मिळतो पण महाग, त्याच्या वयाला सीटखालची क्विक रिलीजची कडी पुरे, उतरून दहा सेकंदांचं काम.

प्रश्न: रत्नागिरी. पावसात लाल चिखलाने चेन कुरकुरते. इंजिन ऑइल घालू?

नको, त्यावर माती अजूनच चिकटते. बादलीभर पाणी आणि ब्रश घ्या, गाड्या धुवायचं प्रेशरचं पाणी बेअरिंगांच्या जवळही नको. कोरडी करा, सायकलचं वेट ल्यूब (पावसात टिकणारं चेनचं तेल) प्रत्येक रोलरवर एक थेंब, पाच मिनिटं पेडल फिरवा, मग वरचं सगळं पुसून काढा. आणि फूटपट्टी लावा: नव्या चेनच्या 12 पूर्ण कड्या (एक आतली आणि एक बाहेरची मिळून एक), पिनेपासून पिनेपर्यंत, बरोबर 12 इंच भरतात. इंचाचा सोळावा भाग वाढला की चेन बदला, आठवा भाग होईपर्यंत थांबलात तर मागची कॅसेटही (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्या) बहुतेक बदलावी लागेल.